सावरडोची वही: नववा ते बारावा ब्रेड

आठव्यापर्यंतचं रडगाणं मागे गाऊन झालंय, म्हणून थेट नवव्यावर येते. माप नेहमीचंच: ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम स्टार्टर, १० ग्रॅम मीठ. स्टार्टर म्हणजे सावरडो ब्रेडला बाजारच्या यीस्टऐवजी लागणारं, घरी जपलेलं आंबवण. त्यात निम्मं पीठ, निम्मं पाणी, म्हणजे एकूण हायड्रेशन (पिठाच्या वजनाच्या तुलनेत पाणी) ७३ टक्क्यांच्या आसपास.

नववा कृतीबरहुकूम पाच तास आंबवला आणि भाजल्यावर असा पसरला, जणू त्याच्यावर कुणी बसून उठलंय. आत गिच्च, तळाशी ओलसर थर. मी ठरवून टाकलं की कच्चा राहिला, आंबायला वेळ कमी पडला. म्हणून दहाव्याला तासभर जास्त दिला. त्यातच कपडे वाळत घालताना फोन आला, त्यात आणखी अर्धा तास गेला. परत आले तेव्हा उंड्याला आकारच धरवेना, हाताला लोंबायला लागला. ओव्हनवरही शंका घेऊन झाली. आत थर्मामीटर ठेवून पाहिला तर २३० म्हणजे २३०. ओव्हन बिचारा निर्दोष.

उलगडा झाला तो मुलामुळे. स्वयंपाकाचा थर्मामीटर हातात आला की त्याला सगळ्या घराचा ताप मोजायचा असतो. दहाव्याचं उरलंसुरलं पीठ टोचून तो म्हणाला, "आई, ह्याला तीस आहे!" तीस! आणि माझी कृती पीठ चोविसाला धरून लिहिलेली. म्हणजे नववा कच्चा नव्हताच, तो जास्त आंबला होता, आणि मी दहाव्याला आणखी आंबवत बसले. जास्त आंबलं की आम्ल वाढतं, ग्लूटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांची, वीण सैल पडते आणि धरून ठेवलेला वायू निसटतो. जाळी पडणार कुठून? कच्चा आणि अति आंबलेला, दोन्ही कापल्यावर गिच्च दिसू शकतात. मी फसले ती इथेच.

अकराव्याला पाण्याचा हिशेब केला. पीठ २५ अंशांवर हवं असेल तर २५ गुणिले ३, म्हणजे ७५. त्यातून खोलीचे ३० आणि मैद्याचे २९ वजा केले, उरले १६. म्हणून पाणी १६ अंशांचं घेतलं. स्टार्टर आणि हाताची ऊब ह्यात धरलेली नाही, त्यामुळे एखादा अंश इकडेतिकडे होतो. मळून झाल्यावर २६ भरलं. खोली मात्र तिसाचीच, म्हणून भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवलं.

घड्याळाऐवजी ह्या वेळी पीठ मोजलं. मळल्यावर लिंबाएवढा गोळा काढून सरळ कडांच्या छोट्या बरणीत दाबला आणि गोळ्याच्या पातळीची खूण म्हणून बाहेरून रबरबँड लावला. बरणीसुद्धा त्याच परातीत ठेवायची, नाहीतर तेवढासा गोळा लवकर तापतो आणि खोटं सांगतो. पाऊणपट वाढायला सव्वापाच तास लागले. ह्या ब्रेडला पहिल्यांदाच वर कान फुटला, म्हणजे चिरेची कड उचलून आली. खरं सांगते, दार उघडं टाकून मी दोन मिनिटं नुसती बघत उभी होते.

बारावा तसाच, फक्त आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी डबे भरता भरता झाकणाच्या जड भांड्यात २० मिनिटं झाकून आणि २० मिनिटं उघडा भाजला. झाकणामुळे पिठाचीच वाफ आत कोंडते, वरची साल लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला फुलायला वाव मिळतो. एवढं करून सासूबाईंनी तो पंधराव्या मिनिटाला कापला. "गार झाल्यावर कोण विचारतंय त्याला!" सुरीला लगदा चिकटला. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दुसरी फोड कापली. उरलेला अर्धा दोन तासांनी कापला, तो स्वच्छ निघाला.

तेराव्यात १०० ग्रॅम मैदा काढून गव्हाचं पीठ घालणार आहे. ते पाणी जास्त पितं, म्हणून २० ग्रॅम वाढवून बघते. त्याआधी थर्मामीटर दप्तरातून शोधून काढायला हवा.