पीटीच्या तासाचा नकाशा

इथे स्वीडनमध्ये नकाशा वाचणं हा पीटीचा विषय आहे. शाळेच्या अभ्यासक्रमातच तसं आहे. आपल्याकडे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) भूगोलाच्या वहीत रंगवल्या की संपल्या, आणि डोंगर तर नाशिककरांच्या दाराशी! दोष शिक्षकांचा नाही. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणापर्यंत बऱ्याच टोपोशीट, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे उंच-सखलपणा दाखवणारे नकाशे, सामान्य माणसाला सहज मिळतच नव्हत्या.

सुरुवात वर्गातल्या बाकांच्या नकाशापासून करायची, मग शाळेचं आवार. पहिला धडा 'पासा कार्तान', म्हणजे नकाशा जमिनीशी जुळवून धरा. मूल वळलं की कागद उलट्या बाजूला फिरला पाहिजे, म्हणजे कागदावर डावीकडे असलेली इमारत खरोखर डावीकडेच दिसते. मुलं चुकतात ती इथेच. अक्षरं सुलटी दिसावीत म्हणून नकाशा सरळ धरतात आणि दक्षिणेकडे चालताना डावं-उजवं उलटं होतं. म्हणून नकाशा तळहाताएवढा दुमडायचा, आपण उभे आहोत तिथे अंगठा ठेवायचा आणि चालताना तो सरकवत न्यायचा.

इथल्या ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा वाचत वाट शोधत धावण्याच्या खेळाच्या, नकाशात पांढरा रंग म्हणजे सहज धावता येईल असं जंगल, हिरवा म्हणजे दाट झाडी. टोपोशीट पाहिलेला माणूस हमखास फसतो. ओरिएंटिअरिंगच्या नकाशावरच्या उत्तररेषा चुंबकीय उत्तरेच्या असतात, कारण स्टॉकहोमला होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सात-आठ अंश ढळते. नाशिकला हा फरक एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे लहान मुलांना तो सांगितला नाही तरी चालतं.

समोच्च रेषांना बटाट्यासारखा गुरू नाही. मोठा बटाटा लांबीत अर्धा कापून पालथा ठेवा, वरून दोन टूथपिक आरपार खुपसून काढा आणि मग एकेक सेंटिमीटरचे आडवे काप करा. सर्वांत खालचा काप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, भोकांच्या खुणा करा. पुढचे काप त्याच खुणांवर ठेवून गिरवा. भोकं नसतील तर काप सरकतात आणि शिखर भलतीकडेच जातं. काप जाडजूड-पातळ झाले तर उतार खोटा दिसतो.

पण सह्याद्री बटाट्यासारखा गोल नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसल्यामुळे तो पायऱ्यांनी चढतो. रेषांचा गठ्ठा म्हणजे कातळकडा, मग विरळ रेषा म्हणजे सपाटी, पुन्हा गठ्ठा. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी इतकं स्पष्ट शिकवतात, ते स्टॉकहोमभोवतीच्या बुटक्या टेकड्यांना जमणार नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून 1:50,000 चे नकाशे उतरवता येतात. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं. मुलांसाठी दुप्पट मोठा छापा, पण रेषांमधलं अंतर सहसा 20 मीटरच असतं हे सांगा. 15 मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये दडून बसू शकतो.

मग पांडवलेण्यांचा डोंगर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत रेषा मोजून 20 ने गुणायला लावा. पाचवी रेषा जाड असते, तिचा आधार घ्या. पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोचलात की मुलांना विचारा, आपण आता कितव्या रेषेवर आहोत?