पाडव्याच्या आधी आजोळी: औसा-निलंगा पट्ट्यातल्या गावचा वृत्तांत

गावाकडं जायचं म्हणजे मे महिन्यात, असं आपल्याकडं ठरूनच गेलंय, शाळेला सुट्टी लागते म्हणून. पण मे मध्ये आमच्या लातूर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर, विहिरी तळाला गेलेल्या, रानात ढेकळं सोडून काही नाही आणि लेकरं दिवसभर कूलरसमोर मोबाईल घेऊन पडलेली. यंदा आम्ही होळी झाल्यावर गेलो आणि पाडवा करूनच निघालो, मी, नवरा, आई आणि दोन मुलं, आणि तेव्हापासून ज्याला त्याला हेच सांगतेय की जायचं तर फाल्गुन सरता सरता जा, घरात कामं चालू असताना जा. मुलं लहान आहेत तोवर शाळेचे चार दिवस बुडाले तरी चालतं, पुढं दहावी-बारावी लागली की हे जमणार नाही.

आधी रस्त्याचं सांगते. आजोळ औसा आणि निलंग्याच्या मधल्या पट्ट्यात, डांबरी रस्ता सोडून थोडं आत. पुण्याहून आम्ही गाडीनं सोलापूर-तुळजापूर-औसा असं गेलो, साधारण पावणेचारशे किलोमीटर होतं. पहाटे पाचला निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. वाटेत तुळजापूरला दर्शन होतं, पण मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, लहान मुलं घेऊन त्या गर्दीत हाल होतात. तुळजापूर सोडलं की औशाच्या अलीकडं उजनी लागतं, धरणाची उजनी नव्हे, ती सोलापूरच्या आधीच मागं पडते, ही औसा तालुक्यातली बासुंदीची उजनी, तिथं थांबाच. मुंबईकरांना रात्रीची लातूर एक्सप्रेस बरी, सकाळी लातूर, तिथून निलंग्याच्या एसट्या आहेत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, म्हातारी माणसं सोबत असतील तर आधार कार्ड जवळ ठेवा.

पळस या दिवसांत फुललेला असतो, पान एक नाही आणि सगळं झाड केशरी. मुलांनी गाडी थांबवायला लावली, बांधावर पडलेली फुलं वेचली, मामींनी ती रात्री पाण्यात टाकली आणि सकाळी त्याच पिवळ्या पाण्यानं दोघांना अंघोळ घातली. उन्हाळ्याच्या तोंडाला असं केलं की घामोळं येत नाही, असं त्या म्हणतात.

घर जुनं. पुढं ढाळज, म्हणजे दारातली बसायची पडवी, आणि काही खण माळवदाचे, म्हणजे लाकडावर माती घातलेल्या सपाट छताचे, मागं पत्र्याच्या खोल्या आणि एक स्लॅबची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या भिंती आणि वरचं ते जड मातीचं माळवद, हेच झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. आमच्याकडं एक भिंत गेली, माणसं वाचली. तेव्हापासून आज्जी रात्री माळवदाखाली कुणाला झोपू देत नाही आणि तिला कुणी उलट बोलत नाही. दुपारी मात्र सगळे तिथंच, बाहेर ऊन भाजत असतं आणि आत गारवा, वर सवण्यातून, म्हणजे छताला ठेवलेल्या भोकातून, उजेडाची एक तिरीप येते आणि ती जमिनीवर सरकत जाते त्यावरून आज्जी चहाची वेळ ओळखते. रात्री अंगणात बाजा टाकायच्या. या दिवसांत पहाटे चांगलाच गारवा येतो, त्यामुळं नुसत्या चादरीवर जाऊ नका, वाकळ मागून घ्या.

आता मुख्य म्हणजे चिंच. आमच्या मामांची बांधावर जुनी झाडं आहेत, आम्ही गेलो तेव्हा झोडपून झाली होती आणि अंगणात ढीग वाळत पडलेला. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आमची काही त्या गावची नाही पण मामांना त्याचा अभिमान असा की जणू घरातल्याच कुणाचा सत्कार झाला. दुपारी गल्लीतल्या बायका ढाळजंत बसतात. आधी वरचं टरफल फोडायचं, मग लांबच्या लांब शिरा ओढून काढायच्या, प्रत्येक शीर एका ओढीत अखंड निघाली पाहिजे, मग चिंच दगडावर आडवी धरून छोट्या हातोडीनं कडेला ठोका द्यायचा की चिंचोका टुणकन बाहेर. ठोका जोरात पडला तर चिंचोका फुटतो आणि गर खराब होतो. माझ्या मुलीला आज्जीनं हातोडी दिली नाही, शिरा ओढायचं काम दिलं, आणि ती पोरगी जी घरी दहा मिनिटं एका जागी बसत नाही ती दिवस कलेपर्यंत बसली. बोटं आंबतात, चरचरतात, नखाजवळ कातडी निघालेली असेल तर फारच, म्हणून बसायच्या आधी हाताला गोडेतेल चोळा, बायका तेच करतात. आणि बसलात की गप्पा ऐका. कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाचं बोअर आटलं, कुणाच्या हरभऱ्याला काय भाव लागला, सगळं तिथं कळतं. आईला तिच्या लहानपणच्या मैत्रिणी तिथंच भेटल्या, एरवी लग्नाकार्यात नुसतं कुंकू लावून निघावं लागतं.

नवऱ्याला मामा पहिल्या दिवशी कशालाच हात लावू देईनात, "जावईबापू, तुमी बसा की वो," एवढंच. दुसऱ्या दिवशी ज्वारीची मळणी होती, माणूस कमी पडलं, आणि मग जावईबापू डोक्याला पंचा गुंडाळून रानात. ढगाचा तुकडा दिसला तरी या दिवसांत घाई होते, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथं कुणी विसरलेलं नाही. रास झाली, कडब्याचं बुचाड, म्हणजे पेंढ्यांचा रचलेला ढीग, लागलं, मुलं त्यावर चढून घसरत बसली. कडब्यात आणि दगडाच्या गडग्यात विंचू असतो, मुलांना बूट घालूनच पाठवा आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू देऊ नका. मळणीची कूस, म्हणजे उडणारं बारीक टोचरं भुसकट, फार चावते, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवाच.

खाण्याचं किती सांगू. नव्या ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, ताकातली कढी. पुण्यात विरी गेलेल्या, म्हणजे चिकटपणा गेलेल्या जुन्या, पिठाशी झटापट करून मी भाकरी सोडून दिली होती, इथं मामींनी ताज्या पिठाचा गोळा हातात दिला आणि भाकरी काठाला न चिरता थापली गेली, तव्यावर टम्म फुगली. सकाळी सुशला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, नाहीतर धपाटे. निलंग्याला गेलात तर गाड्यावरचा निलंगा राईस खा, डाळ घातलेला मसालेदार भात, सकाळी लवकर जा म्हणजे गरम मिळतो.

शेवया एका दिवसात उरकल्या, बाकावर यंत्र बसवलं, एकानं दांडा फिरवायचा, एकीनं पिठाचा उंडा घालायचा, मुलांनी काड्यांवर शेवया तोलत नेऊन दोरीवर टाकायच्या. अर्ध्या ओल्याच खाऊन संपल्या.

एक संध्याकाळ खरोशाला काढा. लेणी जांभ्या खडकात कोरलेली आहेत, डोंगर लहान आहे, चारनंतर चढा आणि पाणी खालूनच घेऊन जा.

पाडव्याला पहाटे अंगण सारवून गुढी, साखरेची गाठी, आणि कडुनिंब. आमच्याकडं नुसता पाला चावत नाहीत, चिंचेच्या पाण्यात गूळ, कडुनिंबाचा मोहर, कैरीच्या बारीक फोडी आणि डाळवं घालून वाटीभर पितात, मोहर त्याच सकाळी झाडाखाली धोतर पसरून झाडलेला. मुलानं तोंड वाकडं केलं, मग दुसरी वाटी मागितली. दुपारी पुरणपोळी आणि येळवणीची, म्हणजे पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची, आमटी, संध्याकाळी मारुतीच्या पारावर पंचांग वाचतात, यंदा पाऊस किती सांगितलाय ते ऐकायला सगळं गाव जमतं. नवा सालगडीही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, पाडव्यालाच ठरतो, त्यामुळं त्या दिवशी मामांना घरात शोधू नका.

जाणाऱ्यांनी एवढं बघा. पाणी जपून वापरा, लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आणि त्या आठवणीनं इथं अजूनही अंघोळीचं पाणी झाडाला जातं, शहरातल्यासारखा नळ सोडून दात घासू नका. लाइट जाते, बॅटरी न्या. अकरा ते चार मुलांना उन्हात सोडू नका, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा, रोजची औषधं पुण्याहूनच न्या. घरच्यांना मिठाईचे बॉक्स नेण्यापेक्षा आधी फोन करून विचारा काय हवंय, आमच्या मामींना शेवया वाळवायला मोठं सुती कापड हवं होतं, आज्जीला गुडघ्याचा पट्टा. आणि आल्या आल्या एखादं काम मागून घ्या, पाहुण्यासारखं बसलात तर त्या बायकांना तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो.

निघताना ज्वारी, चिंच, शेवया मिळतातच, डिकीत जागा ठेवून जा. चिंच खडेमीठ लावून, दाबून चिनीमातीच्या बरणीत भरा, स्टीलच्या डब्यात नको. ज्वारी दळून आणू नका, दाणेच आणा, ऊन दाखवून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा आणि आठवड्याला लागेल तेवढीच दळा.