शेंगा चटणीला कुलूप

आज चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या चटणी युनिटमध्ये ‘फूड डिफेन्स’चं ट्रेनिंग होतं. कुणी मुद्दाम मालात काही कालवलं तर? आधी सगळे हसलो. मग १९८४ चं अमेरिकेतलं ओरेगॉन ऐकलं: रजनीशपंथीयांनी हॉटेलांतल्या सॅलडवर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू टाकले, ७५१ जण आजारी.

दुपारी ट्रेनरने परीक्षा घ्यायला पाठवलेला अनोळखी माणूस टूलबॅग घेऊन थेट मिक्सरपाशी. कुणी हटकलं नाही. मावशींनी तर “सरका, दाणे सांडतील” म्हणत वाट करून दिली! त्याने झाकण उचलून मूठभर चुरमुरे टाकले. दोन मिनिटांत दोनशे किलोच्या लाल चटणीत एकही दिसेना.

सुपरवायझर मीच, त्यामुळे बोलणार कुणाला? संध्याकाळी झाकणाला कुलूप लागलं. किल्ली माझ्या खिशात आलीय घरी.