घराच्या आत्म्याला खपत नाही!

लाओसमधल्या सावन्नाखेत शहरातून ९ नंबरच्या रस्त्याने व्हिएतनामच्या दिशेने निघालं की मुआंग फिन लागतं. त्याच्या दक्षिणेला डोंग फू व्हिएंगचं संरक्षित जंगल. दक्षिण लाओसमधल्या कटांग लोकांची काही गावं या जंगलात आहेत.

गाव दिसायच्या आधीच वाटाड्याने नियम सांगायला घेतले. झोपताना डोकं बाहेरच्या भिंतीकडे. कुणाच्या पायांशी आपलं डोकं येता कामा नये. घरात विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आणि नवरा-बायको असलात तरी शेजारी झोपायचं नाही, घराच्या आत्म्याला ते खपत नाही. फारच वाटलं तर बाहेर तंबू देतील. नवऱ्याने लगेच तंबू नको म्हणून सांगितलं. (मला विचारलंही नाही!) शेवटचा नियम, पायवाट सोडायची नाही. हा आत्म्यांचा नव्हे, अमेरिकेचा. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनाम ज्या वाटांनी दक्षिणेकडे सैनिक आणि रसद पाठवायचा तो हो चि मिन्ह मार्ग याच भागातून जायचा, आणि न फुटलेले बॉम्ब अजून मातीत आहेत.

घर खांबांवर उभं, खाली कोंबड्या आणि डुकरं. पूर्वी मुलाचं लग्न झालं की घर तोडून वेगळं करत नसत, लांबवत असत. त्यामुळे एकेका छपराखाली कितीतरी चुली. आम्ही राहिलो ते घर मात्र आखूडच होतं.

आत्म्याला लाओ भाषेत 'फी' म्हणतात. घराचा फी, गावाचा, रानाचा. गावाजवळ राखलेलं रान आहे, तिथे कुऱ्हाड चालवत नाहीत. कुणी आजारी पडलं की कुठला फी रागावला ते आधी शोधायचं, मग कोंबडी, डुक्कर, फारच मोठं प्रकरण असेल तर रेडा. कटांग भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली, म्हणजे मेळघाटातल्या कोरकूची दूरची नातेवाईक. मला एक शब्दही ओळखू आला नाही ते सोडा.

सकाळी चिकट भात खाताना घरच्या आजींनी विचारलं, तुमच्याकडे फी असतात का? मी म्हसोबाबद्दल सांगितलं.

"काय लागतं त्याला?"

"कोंबडं. बोकड."

"रेडा नाही?"

"काही ठिकाणी पूर्वी देत असत."

"आमच्याकडेही आता डुकरावर भागवतात," वाटाड्या मध्येच म्हणाला. "रेडा महाग झालाय." आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे बोललाच नाही.