बटणांचा फोन आणि जिन्याखालचा फळा

मागच्या वर्षी जुलैमध्ये, कोपरीच्या बाजूने ठाणे स्टेशनात शिरताना, माझा स्मार्टफोन साचलेल्या पाण्यात पडला. दुरुस्ती करणाऱ्याने दोन दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात आठ लागले. ते आठ दिवस मी सासूबाईंच्या कपाटातला जुना बटणांचा फोन वापरला. फोन लावायचा, आलेला उचलायचा, चार ओळींचा संदेश पाठवायचा, गजर लावायचा आणि वीज गेली की टॉर्च पेटवायचा, याहून वेगळे काही त्यावर करता येत नव्हते. दुरुस्त झालेला फोन हातात आला, तेव्हा सिमकार्ड त्यात परत घालावेसे मला वाटले नाही. त्याला आता सव्वा वर्ष झाले. या काळात मला जे दिसले, ते सुरुवातीला वाटले होते त्यापेक्षा बरेच वेगळे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सासूबाईंचा फोन त्यांना परत करून मी स्वतःसाठी एक घेतला. गोखले रोडवरच्या दुकानात मुलाने आधी विचारले, "ताई, कोणासाठी हवाय? आईंसाठी का?" माझ्यासाठीच हवा आहे हे सांगितल्यावर त्याने काचेखालच्या कोपऱ्यातून तीन फोन काढून दाखवले आणि तुमचे सिम कोणत्या कंपनीचे आहे ते सांगा म्हणाला. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि साधा फोन घेऊ पाहणाऱ्याने तो स्वतःलाही विचारावा. जिओचे जाळे २०१६ साली सुरू झाले तेच फोरजीवर, टूजी त्यांनी कधी आणलेच नाही, त्यामुळे त्यांचे सिम जुन्या टूजी फोनमध्ये चालत नाही. एअरटेल आणि व्हीआय यांचे टूजी अजून चालू असल्याने त्यांच्या ग्राहकांना जुना संचही पुरतो. मी फोरजीवर बोलता येणारा फोन घेतला, कारण त्यावर आवाज स्पष्ट येतो आणि चिपळूणला आईशी बोलताना मला तेच सर्वांत जास्त हवे होते. अडीच हजारांच्या आत काम झाले.

अमेरिकेत आणि युरोपात असे फोन मुद्दाम घडवले जातात. ब्रुकलिनच्या लाइट फोनचे दुसरे मॉडेल २०१९ साली आले, त्याला पुस्तकाच्या कागदासारखा दिसणारा ई-इंक पडदा होता. स्वित्झर्लंडच्या पुंक्ट या कंपनीचा फोनही त्याच वाटेवरचा. त्यांच्या रेखीवपणाबद्दल मला आदर आहे, परंतु आपल्याकडे हे काम करणारा फोन कधी दुर्मीळ नव्हता. २००३ साली आलेला टॉर्चवाला नोकिया ११०० जगभरात पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला आणि आपल्या घरोघरी तो होता. आजही आमच्या इमारतीच्या रखवालदाराच्या खिशात, जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या पिशवीत आणि सासूबाईंच्या उशाशी बटणांचाच फोन असतो. त्यांच्यापैकी कोणी त्याला जीवनशैली म्हणत नाही.

पहिली अडचण नावांची होती. सिमकार्डावर साधारण अडीचशे नावे मावतात आणि नाव लांब असले की मध्येच तुटते. म्हणून एका रविवारी जुन्या फोनवरचा एकेक क्रमांक वाचून मी वहीत उतरवला आणि वहीतून नव्या फोनवर घातला. सहाशेच्या वर नावे होती. वहीत एकशे बारा आली आणि त्यातली साठेक जणांची मला खरोखर गरज पडते, हे नंतर कळले. वही अजून फोनजवळच असते, आणि आई, यजमान, सासूबाई, शेजारच्या वहिनी यांचे क्रमांक आता पाठ आहेत.

मराठीत संदेश लिहिणे हा या फोनवरचा मला सर्वांत आवडता आणि सर्वांत संथ उद्योग आहे. एका बटणावर पाच-सहा अक्षरे असतात आणि हवे ते येईपर्यंत बटण दाबत राहावे लागते, त्यात चुकून पुढे गेले की पूर्ण फेरी पुन्हा. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत मात्र ७०, आणि त्या मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र धरले जाते. "पोहोचले" हा आपल्या कानाला चार अक्षरांचा शब्द फोनच्या हिशेबात सात अक्षरांचा असतो, आणि "ट्रेन उशिरा आहे" यात पंधरा जागा जातात. त्यामुळे मी लिहिण्याआधी वाक्य मनात जुळवते. पूर्वी यजमानांना दिवसातून वीस तुटक वाक्ये जात असत, आता एक किंवा दोन जातात, आणि त्यात कामाचे सर्व असते.

प्रवासाबद्दल लोक आवर्जून विचारतात. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने घणसोलीला जाते आणि तिथून शेअर रिक्षाने महाप्याला. पास खिडकीवर काढते. गाडी नऊ नंबरच्या फलाटावर लागणार की दहाच्या, हे फलकावर दिसते, आणि फलक बंद असला तर रोजच्या बायकांपैकी कोणालातरी माहीत असते. फोन नसल्यामुळे पुस्तके वाचून होतात असे कोणी सांगितले तर सकाळच्या त्या गर्दीत त्यांनी एकदा उभे राहून पाहावे. मी वाचत नाही. विटाव्यानंतर एका बाजूला पारसिकचा डोंगर सुरू होतो, तो पावसाळ्यात हिरवा आणि मार्चपासून तपकिरी होत जातो, एवढे मी पाहते, आणि रोज शेजारी बसणाऱ्या बाईंच्या मुलीची दहावी कशी चालली आहे ते ऐकते.

पैशांचे मात्र अवघड झाले. यूपीआय २०१६ साली आले आणि दहा वर्षांच्या आत सुट्टे पैसे बाळगण्याची सवय बाजारातून इतकी गेली की पन्नासची नोट देऊन वीस रुपये परत मागितले तर भाजीवाल्याला शेजारच्या दोन गाड्यांवर विचारावे लागते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केले. ठरावीक क्रमांकावर फोन लावून, आवाजाने दिलेल्या सूचना ऐकत आणि बटणे दाबत पैसे पाठवता येतात. घरी निवांत बसून मी ते दोनदा केले आणि ते व्यवस्थित झाले. पण संध्याकाळी सात वाजता मागे सहा माणसे उभी असताना दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी ते करणे शक्य नाही. मी सोमवारी बँकेतून दहा-वीसच्या नोटा मागून घेते. ओटीपी एसएमएसवर येतात, गॅसची नोंदणी फोनवर बटणे दाबून होते, त्यामुळे तिकडे काही अडत नाही.

खरी अडचण मला गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, समजली. यजमान कामानिमित्त नाशिकला होते. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि रात्री उशिरा मुलाच्या शाळेला दुसऱ्या दिवशी सुट्टी देण्याचा निर्णय झाला. ही बातमी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. तो ग्रुप यजमानांच्या फोनवर होता, ते झोपून गेले होते आणि माझ्या फोनवर अर्थातच काही आले नाही. सकाळी पावणेसातला मी मुलाला रेनकोट घातला, दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, दुप्पट पैसे मागणारी रिक्षा केली आणि शाळेपाशी उतरले, तर फाटकाला कुलूप. आतून रखवालदार म्हणाला, "अहो ताई, सुट्टी आहे आज. रात्रीच कळवलंय की ग्रुपवर." मुलगा तिसरीत आहे. त्याच्या टोपीवरून पाणी गळत होते. तो मला म्हणाला, "आई, बाकी सगळ्यांना कसं कळलं?"

बाकी सगळ्यांना मात्र कळले नव्हते. त्या फाटकाशी आणखी एक आई मुलीला घेऊन उभी होती. एका हातात काडी मोडलेली छत्री, आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बटणांचा फोन. परतीची रिक्षा आम्ही मिळून केली. त्या चार घरी पोळ्या करतात. घरात स्मार्टफोन एकच आहे आणि तो त्यांचे यजमान पहाटे कामावर घेऊन जातात. असे याआधी दोनदा झाल्याचे त्यांनी सांगितले, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. मुलीला घरी एकटी ठेवून त्यांना आठ वाजता पहिल्या घरी पोहोचायचे होते.

त्या दिवसापासून माझ्या फोनकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. मी तो निवडला आहे. माझ्या टेबलाच्या खणात स्मार्टफोन आहे, घरच्या वायफायवर तो चालतो, हवे तेव्हा मी त्यावर व्हॉट्सॲप उघडू शकते आणि रविवारी उघडतेही. माझ्यापर्यंत एखादी सूचना आली नाही तर ती आणून देणारे यजमान आहेत, वहिनी आहेत. माझे मन शांत राहते, हे खरे आहे आणि ते मला मोलाचे वाटते, पण त्या शांततेचा एक भाग दुसऱ्या कोणाच्या फोनवर वाजणाऱ्या घंटीतून येतो. यजमानांनी हे मला कधी बोलून दाखवले नाही. मीच एका आठवड्यात टिपून ठेवले, तेव्हा शाळेचे, सोसायटीचे आणि नातेवाइकांचे मिळून तेवीस निरोप त्यांनी मला तोंडी दिले होते. ही मोजणी केल्यावर आम्ही बसून बोललो. शाळेच्या वह्या-पुस्तकांचे, डॉक्टरांकडे जाण्याचे आणि बाजाराचे काम आता पूर्ण माझ्याकडे आहे, ग्रुपचे त्यांच्याकडे. हे विभाजन अगदी समान आहे असा माझा दावा नाही, पण आता ते ठरवून केलेले आहे.

शाळेला मी लेखी विनंती केली की सुट्टीची सूचना एसएमएसनेही पाठवावी. उत्तर यायचे आहे. तोपर्यंत आमची एक साखळी झाली आहे. वहिनी मला फोन करतात आणि मी त्या पोळ्या करणाऱ्या ताईंना संदेश पाठवते, "उद्या शाळेला सुट्टी आहे." चोवीस अक्षरांत होते. सप्टेंबरच्या पावसात ती साखळी एकदा कामाला आली, रात्री पावणेअकराला.

याच विचाराने मी सोसायटीच्या सभेतही बोलले. ठाण्यात दुरुस्तीसाठी अधूनमधून चोवीस तास पाणी बंद असते आणि त्याची सूचना आमच्याकडे दोन वर्षांपासून केवळ ग्रुपवर येत होती. आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेली निदान नऊ माणसे साधा फोन वापरतात, त्यांतली चार एकटी राहतात. जिन्याखाली एक काळा फळा आहे, त्यावर पूर्वी सर्व सूचना लिहिल्या जात. तो पुन्हा वापरात आणावा, असे मी म्हटले. सचिवांचा आक्षेप रास्त होता की रोज लिहिणार कोण, हाताखाली माणूस नाही. मी लिहीन म्हटले.

आता ग्रुपवर सूचना आली की सचिव मला फोन करतात आणि कामावरून परतताना मी फळा पुसून ती लिहिते. खडू मुलाच्या कंपासपेटीतला असतो. मागच्या गुरुवारी मी "शुक्रवारी सकाळी ९ पासून २४ तास पाणी नाही" असे लिहीत असताना चौथ्या मजल्यावरचे काका मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ते मोठ्याने वाचले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "नऊ जरा मोठा काढा, चष्म्याशिवाय सात वाटतोय." मी तो पुसून पुन्हा काढला.