न मागता पुढे केलेलं किट

अफूच्या जातीच्या औषधांचा डोस जास्त होऊन श्वास मंदावला, तर तो परत आणणारं औषध म्हणजे नॅलॉक्सोन. सांगलीला बी.फार्म. करताना ते मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या औषधांच्या दुकानात ते रोज माझ्या हाताशी असतं. इथे ऑन्टारिओ प्रांतात जून 2016 पासून औषधांच्या दुकानांत त्याचं किट चिठ्ठीशिवाय, फुकट मिळतं.

परवा एक काकू काकांच्या गोळ्या न्यायला आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी हायड्रोमॉर्फोन, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक लिहिलेलं. मी गोळ्यांबरोबर किटही पुढे केलं. काकूंचा चेहरा उतरला. मागे रांगेत ओळखीचं कुणीतरी होतं. "अगं, आमच्या घरात असलं काही नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या.

त्यांना आतल्या खोलीत बसवलं. काकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यात झोपेची गोळीही चालू. अशा माणसाचा श्वास या गोळ्यांनी फार मंदावू शकतो. शिवाय घरात तीन वर्षांचा नातू. फेंटानिल या त्याच जातीच्या जबर औषधाने गेलेल्या पोरांच्या बातम्या ऐकून लोकांना वाटतं, हे औषध फक्त नशा करणाऱ्यांसाठी. त्यांच्यासाठी तर ते हवंच, आणि तेही मान खाली न घालता मिळायला हवं. म्हणूनच मी मागायची वाट बघत नाही. मागायला लाज वाटते, आणि त्या लाजेपायी माणूस जातो.

मग सरावाचा रिकामा स्प्रे त्यांच्या हातात दिला. हाक मारून, हलवून जाग आली नाही, तर आधी 911 या आपत्कालीन नंबरला फोन. उताणं झोपवून, मान थोडी मागे करून टोक नाकपुडीत घालायचं आणि दाबायचं. खरा स्प्रे मारून बघायचा नाही, एकात एकच डोस असतो. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर किटमधला दुसरा, दुसऱ्या नाकपुडीत. डोळे उघडले तरी हॉस्पिटलात न्यायचंच. नॅलॉक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, गोळीचा त्याहून जास्त टिकू शकतो.

काकूंनी दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा अंगठा घसरला.

"गाडीत ठेवू का?"

"नको काकू, थंडीत गोठेल. घरात, सगळ्यांना दिसेल असं ठेवा. आणि घरात अजून कुणाला तरी शिकवा, काकांना स्वतःला काही देता येणार नाही."

"सून गाडीतच बसलीय. थांब, तिला बोलावते."