शेवटचा शॉट, आवाज बंद करून

चित्रपट रसास्वादाच्या वर्गात उदारमतवादी स्त्रीवाद, म्हणजे आहे त्याच व्यवस्थेत बायकांना समान संधी मिळावी हा विचार, समजावायला मी १९८८चा 'वर्किंग गर्ल' हा हॉलिवूडपट घेते. त्या विचाराचं बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्यात ढळढळीत दिसतात. न्यूयॉर्कमधल्या स्टॅटन आयलंडहून फेरीबोटीनं मॅनहॅटनला येणारी सेक्रेटरी टेस रात्रीच्या वर्गांतून शिकलेली. तिची धंद्यातली कल्पना तिची बॉस कॅथरीनच लाटते.

प्रत्येकाला तीन रकान्यांचा कागद मिळतो: तिला काय हवंय, कोण अडवतंय, दार कोण उघडतंय. प्रसंग संपला की थांबायचं, एक ओळ लिहायची. सगळा चित्रपट संपल्यावर लिहायला सांगितलं की मुलं कथानक लिहितात आणि मधला रकाना शेवटच्या खलनायकावर जाऊन अडकतो.

त्या शनिवारी हा मधला रकानाच बोलका निघाला. सुरुवातीच्या ओळींत टेसला चिडवणारे, फसवणारे पुरुष शेअरदलाल होते. पुढे ते गळाले आणि खालपर्यंत एकच नाव राहिलं: कॅथरीन. तिसऱ्यात उद्योगपती ट्रॅस्क. लिफ्टमध्ये टेस त्याला वर्तमानपत्राच्या कात्रणांवरून कल्पना कशी सुचली ते सांगते. तोच प्रश्न तो कॅथरीनला विचारतो, ती अडखळते, खेळ संपतो. नोकरीत लिंगभेद करू नये असा कायदा अमेरिकेत १९६४ सालीच झाला होता, पण पटकथेला त्याची गरज पडत नाही. एक न्यायी मालक पुरतो. गुणवत्ता दिसली की दार उघडतं, ही श्रद्धा इतकी स्वच्छ मला दुसरीकडे क्वचितच दिसली. आणि टेसची जिद्द खोटी नाही, हेही मी वर्गात ठासून सांगते.

शेवटची दोन-तीन मिनिटं मी आधी आवाज बंद करून दाखवते. कार्ली सायमनचं ऑस्कर मिळालेलं गाणं चढत गेलं की डोळ्यांआधी कान निकाल देतात. टेस नव्या ऑफिसात येते, सवयीनं बाहेरच्या सेक्रेटरीच्या टेबलाशीच थांबते. खरी खोली तिची असते. मग कॅमेरा खिडकीतून मागे, आणखी मागे सरकतो.

"मॅडम, तिची खिडकी आता सापडत नाहीये," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

शॉट पुन्हा लावला. आवाजासकट, मग पुन्हा बंद करून. तिनं कागद पुढे सरकवला. टेसच्या नव्या सेक्रेटरीसाठी तिनं स्वतंत्र ओळ आखली होती. नाव लिहिलं होतं, 'काय हवंय'चा रकाना कोरा होता.